तेवीस त्रिक किती

— आन लिवून घ्या, भीती न्हाई. मोठ्या अक्षरात लिवा. आमच्या अंकीला गनिताची भीती कवाच न्हवती आन पुढं बी वाटायची न्हाई. — त्या खुर्चीवर नगा बसू मॅडम, तिचा पाय हलतोय, मागं ग्रामसेवक पडलाय तिच्यावरनं. हितं चटईवर या, ते आवाज भरायचं मशीन बी हितंच ठेवा. मी आपला वाळका घेवडा निवडत बोलते, तुमी इचारा. हात रिकामा आसला की मला बोलायचं सुचत न्हाई. — तर काय म्हनत हुता? सांगलीच्या कालेजात तुमी पीएचडी करताय, आन इषय काय, तर प्राथमिक शाळंतल्या पोरांना गनिताबद्दल काय वाटतंय. बरं. किती वर्सं लागत्यात ह्याला? — तीन? आवं, तीन वर्सात म्हस दोनदा व्येती. मला इचारलं आसतं तर एका चहात सांगितलं आसतं. गनिताच्या तासाला निम्म्या पोरांच्या पोटात दुखतंय आन निम्म्यांना लघवीला लागतंय. झालं, हितं तुमची पीएचडी संपली. — हसताय काय, खरं सांगते. आमच्या येळंला शाळंमागं करंजाचं झाड हुतं, गनिताच्या तासाला त्याच्याखाली बाजार भरल्यासारखी गर्दी. मास्तर सुदिक तिथंच बिडी वडत उभा आसायचा. त्याला बी गनित आवडत न्हवतं, दुसरं काय.

ती तुमची त्वांडांची चित्रं कळली मला. एक हसरं त्वांड, एक रडकं आन एक मदलं — हसत बी न्हाई, रडत बी न्हाई, आमच्या मालकासारखं. आन पोरांनी काय करायचं, तर गनित आटवायचं आन ज्या त्वांडावर वाटंल त्याच्यावर चिंचोका ठेवायचा. गावातल्या बायका इचारत हुत्या, ही बाई चिंचोक्यानं शकून बघती का काय. मी म्हनलं, गप बसा, ह्याला शास्त्र म्हंत्यात. — आन आमच्या अंकीनं कुठं ठेवला? हसऱ्यावर. बगा. म्या आदीच सांगितलं का न्हाई? तिचा चिंचोका दुसरीकडं जायचाच न्हाई. — सगळ्यांच्या घरी चाललाय का आसं? — न्हाई? आमच्याच घरी? — आसं. मग फ्लेक्स बगून आला आसाल. वडापच्या जीपमधनं उतरलं की समोरच हाय, चावडीच्या भिताडावर. 'पाढ्यांची राणी, कुमारी अंकिता', आन खाली लालासाहेबाचा फोटू, माझ्या पोरीच्या फोटूपेक्षा तिप्पट मोठा, गॉगल लावलेला. त्यो आमच्या यात्रा कमिटीचा अध्यक्ष. पाढं म्हनली माझ्या पोरीनं आन हात जोडून उभा ह्यो.

फ्लेक्सचं न्हाई? मग? — अंकी काय निराळं म्हनली? — रंग? गनिताला रंग आसता तर कुटला, आसं इचारलं तुमी? मॅडम, राग मानू नगा, पन तुमच्या कालेजात ऊन लय लागतंय का? गनिताला कुटला रंग आलाय. मग काय म्हनली ती? — पांढरा. पांढराच आसनार की. खडू पांढरा, कागद पांढरा. एका पोरानं काळा सांगितला आसंल, फळा काळा म्हनून. — सांगितला ना? बगा, मला सगळं कळतंय. चौथी शिकलीया मी. पुढं शाळा गावात न्हवती म्हनून ऱ्हायलं, न्हाईतर तुमची ही चटई आज उलटी आसती — मी तुमाला इचारलं आसतं, तुमाला कसं वाटतंय, हसरं का रडकं. थांबा, चहा ठेवते. — नगं? नगं कसं, सांगलीचं मानूस हाय तुमी, आमच्या कराडकडचा चहा पिऊन बगा, साखर कमी पडली तर सांगा, समोर कारखान्याची चिमनी हाय.

पाढं कसं शिकवलं म्हंताय व्हय. आता आलासा मुद्द्यावर. शाळंत न्हाई शिकवलं, ह्ये पयलं लिवा. शाळंत त्यो वीरधवल सर हाय, नवा आलाय, पोरगा गुनाचा, पन त्याला शिकवायचं कळत न्हाई. खडं घिऊन बसतोय. चौथीची पोरं ही — पुढच्या वर्सी मोठ्या शाळंत जायाची — आन ह्यो त्यांना वड्यातनं खडं गोळा करून आनाय लावतोय, मग त्या खड्यांच्या वळी मांडतोय, आन इचारतोय, 'सांगा बरं, तुमाला हितं काय दिसतंय?' खडं दिसत्यात, दुसरं काय दिसनार? मी चार बायका घिऊन गेलते शाळंत. मी म्हनलं, सर, आमच्या पोरी काय गवंड्याच्या हाताखाली द्यायच्या हायत का, खडं कशाला? पाढं म्हनून घ्या. समद्या वर्गाचा आवाज रस्त्यापतुर आला पायजे, म्हंजे कळतंय शाळा चालू हाय. त्यो म्हनला, काकू, पोरांनी थांबून इचार केला तर गनित आवडायला लागतंय. मी म्हनलं, थांबून इचार करायला आमाला येळ न्हाई, ऊसाला पानी रातचं येतंय का दिवसाचं ते बी आमाला कुनी थांबून सांगत न्हाई. मग वरच्या सायबाकडनं सांगून आटवड्यातनं दोन दिवस पाढं लावलं त्याला. — काय बगताय? लिवा की. पालक जागरूक हायत म्हनून लिवा.

तर शिकवलं म्या. भाकरीवर. — भाकरीवर म्हंजे कसं काय, सांजच्याला मी चुलीम्होरं बसते, परातीत पीठ, आन अंकी बाजूला उभी. मी थापायला लागले की तिनं पाढा सुरू करायचा. थाप आन पाढा बरूबर चालला पायजे. सतरा एके सतरा — थाप — सतरा दुनं चौतीस — थाप. एका पाढ्यात एक भाकरी. पाढा संपला की भाकरी तव्यावर. माझ्या आयनं म्हशीची धार काडताना आसं मला म्हनाय लावलं हुतं, तवा चरवीत धार वाजायची तशी मी म्हनायची. आता त्यात एक गोष्ट हाय, ती तुमाला पुस्तकात गावायची न्हाई. पाढा चुकला का न्हाई ह्ये भाकरी सांगती. पोरगी मधीच आडली की माझी थाप चुकती, थाप चुकली की कडंला भाकरी चिरती. भाकरी गोल उतरली म्हंजे पाढा बरूबर. मास्तर नगं, पुस्तक नगं. — आन आडली तर? आडली तर काय, पिठाचा हात हाय तसा एक पाठीवर. लागत न्हाई ओ. पिठाच्या हातानं लागतंय व्हय? शाळंच्या निळ्या फ्राकावर पाच बोटं उमटायची तेवडी, झटकलं की गेली. कवा कवा घाईत तशीच जायाची शाळंत, पोरं हसायची म्हनं. हसू दे. माझ्या पाठीवर तर दावं बसायचं.

लय बगाय लागला तुमी. पेन का थांबलं? — मला कुटंपतुर येत्यात? पाढं? — सगळं येत्यात की. — आवं सगळं म्हंजे… धापतुर तर डोळं झाकून. अकरा-बारा बी येत्यात, जरा धकवून घ्यावं लागतंय. त्याच्या म्होरं मला पाढ्याचा सूर येतोय. सूर आला की पाढा आलाच की, भजनात सगळ्यांना कुटं आर्थ कळतोय. शेवटाला सोळा धाहे एकशे साट, तेवीस धाहे दोनशे तीस, ते कळतंय, त्यात काय शून्य लावायचा. पयलं कळतंय, दुनं कळतंय, शेवटाचं कळतंय. मदलं काय — मदलं भाकरी बगती.

यात्रंचं सांगते, ऐका. तुमी मगाधरनं तिकडंच वडताय मला, मला कळत न्हाई व्हय. लालासाहेबानं औंदा काडलं, कुस्त्या झाल्या, शर्यती झाल्या, आता कायतरी शिक्षनाचं पायजे, कारन पंचायतीची निवडनूक आलीया. म्हनून पाढ्यांची स्पर्धा. आता त्याला जल्मात दोनच गोष्टी कळत्यात, बैलं आन त्यांच्या पळायच्या वाटा, म्हंजे फटं काडायचं, म्हनून पाढ्याला बी त्यानं शर्यतीचाच नेम लावला — जो थांबला त्यो बाद. हातात पितळंची घंटा. पोरगं आडलं की वाजवली घंटा, खाली उतर. आन पंच कोन? एक कुस्तीचा वस्ताद, एक सोसायटीचा चेअरमन आन एक कुनाचा तरी पावना, त्यो तर तासभर फोनवरच बोलत हुता. माईक आसा कचाकचा वाजत हुता. पोरं म्हनायची आन बापय मानसं शिट्ट्या मारायची. एक एक पोरगं आडायचं, घंटा वाजायची, त्ये पोरगं रडत खाली. तुमची ती त्वांडाची चित्रं घिऊन तवा यायला पायजे हुतं, एक बी चिंचोका हसऱ्यावर पडला नसता.

शेवटाला दोन ऱ्हायली. आमची अंकी आन धुळाचा दिग्विजय. धुळा म्हंजे ते माळावर ऱ्हात्यात, जतकडनं आल्याली मानसं, आदी मेंढरं हुती, आता थोडं रान बी केलंय. पोरगं बारीक, पायात चप्पल न्हाई, माईक त्वांडापतुर येईना म्हनून खोक्यावर उभं केलं. त्यो सतराचा म्हनत हुता. सतरा सक एकशे दोन म्हनला आन पुढं थांबला. बोटं मोजाय लागला गड्या स्टेजवर, सगळ्या गावाम्होरं, बोटं. लालासाहेबानं घंटा वाजीवली. घंटा वाजल्यावर पोरगं म्हंतंय, 'एकशे एकुनीस.' आसं हळूच म्हनला, माईकवर ऐकू आलं. समदं गाव हसलं. मी बी हसले. जोरात हसले मी, माझ्या शेजारी त्याची आय बसली हुती, सुलाबाई.

मग अंकी. लालासाहेब म्हनला, तेविसाचा. कुनी काडला न्हवता तोपतुर तेविसाचा. आन पोरगी सुटली बगा — आवं काय सुटली — तेवीस एके तेवीस, तेवीस दुनं शेचाळीस, तेवीस त्रिक आट्ट्यात्तर — थांबायचं नाव न्हाई, दम घ्यायचं नाव न्हाई, बैलजोडी फट्यातनं सुटल्यावानी, तेवीस धाहे दोनशे तीस, आन हात जोडले. शिट्ट्या, टाळ्या, हलगीवाल्यानं हलगी वाजीवली. वस्ताद उठून उभा ऱ्हायला. चेअरमन म्हनला, ही पोरगी कलेक्टर हुनार. लालासाहेबानं कुकर दिला हातात आन फोटू काडला. ह्यांनी, म्हंजे आमच्या मालकांनी — ते मिलिटरीतनं रिटायर झाल्यात, आता साताऱ्याला एमआयडीसीत गेटवर आसत्यात — त्यांनी त्यो व्हिडिओ कंपनीत येनाऱ्या-जानाऱ्या परतेक गाडीला आडवून दावला. ह्याला डिसिप्लिन म्हंत्यात, म्हनले. — आता तुमी आसं खाली बगून का हसताय? — न्हाई हसत? मग काय, खोकला आला?

बरं. बरं, ठेवा त्यो पेन खाली.

तुमाला म्हाईत हाय. चांगलं म्हाईत हाय, तुमी आल्या आल्याच माझ्या ध्यानात आलं हुतं, म्हनून तर मी बोलत सुटले. आट्ट्यात्तर न्हाई ते. व्हय. मला बी म्हाईत हाय. — कुनी सांगितलं? त्या दिग्विजयनं. स्टेजमागं पानी प्यायला आले हुते मी, कुकर काखंत, त्यो आला. मला वाटलं रडत आला आसंल. म्हंतोय, 'काकी, अंकिताचं तेवीस त्रिक चुकलंय. खालचं चोक बी चुकलं. मी मोजून दावू का?' भांडत न्हवता हो, दावू का म्हनला, एकांद्याला फुलपाखरू दावतंय पोरगं तसं. मी म्हनलं, जा, मेंढरं मोज. — आसं म्हनले मी. गेला त्यो. मग दुसऱ्या दिवशी अंकी शाळंला गेल्यावर दाराला कडी घातली आन ह्योच घेवडा घेतला. तेविसाच्या तीन वळी मांडल्या हितं, ह्या चटईवर. मोजल्या. परत मोजल्या. आट्ट्यात्तर काय येईना. मग चार वळी मांडल्या, ते बी येईना. मोजता मोजता दुपार झाली, चुलीवर दूध उतू गेलं, वास आला तवा उठले. आन तुमाला म्हनून सांगते — वळी मांडल्यावर ते खडंवाल्या सरचं — जाऊ दे. ते नगा लिवू.

सोळाचा बी तसाच. अठराचा तर पार, अठराचा म्हंजे तिनं शेंगदान्याची मूठ फेकल्यागत आकडे टाकलेत. पयलं बरूबर, दुनं बरूबर, शेवटाचं बरूबर. मला जेवडं येतंय तेवडंच बरूबर. बाकी मदलं सगळं वाऱ्यावर. आन भाकऱ्या? तेविसाच्या पाढ्यावरची भाकरी तर आशी फुगायची, आशी गोल, शेजारची बाय बगाय यायची. वरीसभर आमी खोट्या पाढ्याच्या भाकऱ्या खाल्ल्या, मॅडम. एक चिरली न्हाई.

तिला न्हाई बोलले मी. कशाला बोलू? फ्लेक्स लागलाय. पन आता ऐतवारी कराडला तालुक्याची स्पर्धा हाय, लालासाहेबानं नाव दिलंय, गाडी सांगितलीया, हलगी बी घिऊन चाललाय. आन तिथं वस्ताद बसनार न्हाई पंच म्हनून. तिथं मास्तरं, हातात पुस्तक घिऊन. पयल्याच त्रिकाला तिला धरत्याल, कराडच्या मानसाम्होरं, चौथीतल्या पोरीला. नऊ वर्साची हाय हो ती. तिला म्हाईत हाय काय हुनार ते, म्हनून बोलत न्हाई माझ्याशी. जेवती, दप्तर घेती, जाती. म्हनून मला तुमी आलेलं बरं वाटलं, खरं सांगायचं तर. तुमी शिकल्या-सवरल्या, शिक्का आसंल तुमच्याकडं. एक चिठ्ठी द्या लिवून. पोरीला गनिताची भीती वाटती, तपासलं, स्पर्धंला नेऊ नये. लालासाहेब कागदाला भितोय. — मगाशी म्हनले भीती न्हाई, ते खोडा की. पेन हाय न्हवं हातात? खोडा ते मोठं अक्षर. भीती वाटती. लय भीती वाटती. लिवा.

का न्हाई? — खोटं? खोटं कशाला हुईल? — चिंचोका हसऱ्यावर ठेवला आसंल, मग काय झालं, घाबरून ठेवला आसंल. — इचारलं तुमी? का आवडतं म्हनून इचारलं? आन काय म्हनली? … सांगा की. मगाधरनं तुमच्या त्वांडावर आलंय आन तुमी गिळताय. सांगा, मी काय रडनारी बाय न्हाई.

… परत म्हना.

'गणित आवडतं, कारण आईला ते येत नाही.' आसं म्हनली? तसंच, ह्याच शब्दात? — आनी? आजून हाय का? — 'गणितात मी काय पण म्हटलं तरी आई मारत नाही, फक्त थांबायचं नाही.'

… घेवड्यात खडं लय निघालं औंदा. बगा, ह्यो खडा कसा घेवड्यावानीच दिसतोय.

हुशार हाय. मी म्हनलं न्हवतं? चेअरमन उगंच न्हाई म्हनला. वरीसभर आयला फसवती, माझ्या नाकाखाली, भाकरीच्या थापंवर, आन एकदा सुदिक गडबडली न्हाई — मॅडम, तुमच्या कालेजात हाय का आसं कोन? आकडं जुळवायला येत न्हाईत म्हनावं, तर कुटले आकडं मला कळत्यात आन कुटले न्हाईत, ह्याचं गनित तिनं बिनचूक मांडलंय. ते तर वीरधवल सरनं बी शिकवलं न्हाई. … आन मी काय करते, चिठ्ठी मागते. पोरगी भित्री हाय म्हनून. भितंय कोन, आन चिठ्ठी कुनाला.

नगा देऊ चिठ्ठी. लालासाहेबाला मीच सांगते. काय सांगू ते बगू. फ्लेक्सचं काय, वाऱ्यानं बी फाटतोय, कोपरा तर आत्ताच सुटलाय. कुकर परत देते म्हनलं आसतं, पन त्यात कालच डाळ लावली.

भाकरीची येळ झाली, मी पीठ मळते, तुमी बसा. — अंके. ये गं भाईर, कवाधरनं दाराआड उभी हाईस, मला पाय दिसत्यात तुजं. ये, ह्या मॅडम काय खात न्हाईत. … तिकडं भिताडाला का गेलीस? हितं ये, माझ्या बाजूला, रोज उभी ऱ्हातीस तिथं. … बगा, कशी उभी हाय. पाठ भिताडाला लावून. रोजच आशी उभी ऱ्हाती व्हय गं तू? मी कवा — माझं ध्यान परातीत आसतंय.

… पांढरा म्हनली न्हवं ती. गनिताचा रंग.

त्यो तांब्या द्या हो इकडं, मॅडम. वता माझ्या हातावर. वता, आजून वता, बोटातलं पीठ निघाय पायजे. बास.

ह्ये बग अंके, हात धुतला. पीठ ऱ्हाऊ दे तिकडं, आज भात करू. बस हितं. भिताडाला टेकून बसायचं तर टेकून बस. ह्यो घे घेवडा. सरकडं खडं मांडतीस तशा मांड वळी न्हाईतर नगं मांडूस, तुजं तू बग. तेवीस त्रिक किती? — न्हाई, थांब, लगीच नगं सांगू. त्या दिग्यानं केलं तसं कर. बोटं मोज, काय बी कर. घंटा न्हाई हितं. … आन तुमी काय सांगताय तिला व्हट हलवून, मॅडम? गप बसा, मला बी येतंय ह्याचं उत्तर. एवडं एक तर मला पुरं येतंय.

…

मांडतीया.

… उठा तुमी आता. चहा ऱ्हायला, परत आल्यावर प्या. वडाप सुटंल, त्यो बाबा कुनासाठी थांबत न्हाई. आवं पोरगी इचार कराय लागलीया, आन तुमी आशा टकामका बगत बसल्यावर तिला सुचंल कसं? ते मशीन बंद करा. दार वडून घ्या जाताना. हळू.